कापलेला भाग

"मी जिवंत असेपर्यंत तू त्या देशात पाऊल ठेवणार नाहीस!" आई लेकीच्या बॅगेतून एकेक कपडा बाहेर काढत होती.

लेक नर्स होती. परदेशातल्या मुलांच्या इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती. निघायला चार दिवस उरले होते. आणि गेला आठवडाभर टीव्हीवर त्याच शहरातला चौक जळत होता. दर तासाला तीच बस पेटायची, तीच माणसं सैरावैरा पळायची.

"अगं, एकाच चौकात दंगल झाली. तीही केव्हाच निवळली. मी रोज फोनवर बोलते ना तिथल्या नर्सशी!"

"मला नको शिकवूस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बाबा मान खाली घालून जेवत होते. ते वृत्तवाहिनीत एडिटर होते. जळत्या बसची ती दृश्यं त्यांनीच कापून जोडली होती. आईला ते ठाऊक होतं. घरच्या माणसाच्या हातची बातमी म्हणून तर तिचा त्यावर जास्तच विश्वास होता.

लेकीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ते दुपारीच घरी आले. खिशातून पेन ड्राइव्ह काढून टीव्हीला लावला.

"जरा बैस. आमच्याकडे आलेलं हे अख्खं चित्रीकरण. न कापलेलं."

बस पेटली. आईने डोळ्यांवर पदर घेतला. थोड्याच वेळात बंब आला, आग विझली. कॅमेरा मात्र चालूच राहिला. कुणीतरी काचा झाडून काढल्या. पाववाल्याने शटर वर केलं. तिथे रांग लागली, रांगेत दोन बायका कशावरून तरी खिदळल्या. एक आजोबा नातीला शाळेतून घेऊन आले आणि भर रस्त्यात वाकून तिच्या बुटाची नाडी बांधत बसले. मागची मोटार हॉर्न न वाजवता थांबून राहिली.

अर्धा तास असंच चाललं होतं. आईचा पदर कधीच खाली आला होता.

"हे का नाही दाखवलंत?"

"यात काही घडत नाही गं," बाबा ओशाळून म्हणाले. "असलं कोण बघणार?"

आई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "अहो, काही घडत नाही, तिथंच तर पोरीला राहायचंय."