आजोबांचे पलीकडचे

जरा डोळ्यांपुढे आणा. काळ्याभोर पडद्यावर पिवळी अक्षरं आहेत, कडेला चांदण्या लुकलुकताहेत, आणि समोर एक आजोबा नाकावर चष्मा ओढून बसलेत. त्यांच्या खुर्चीच्या हातावर त्यांची नात भिंगरी अर्धी बसलीय, अर्धी लोंबकळतेय. पडद्यावरचं पान आजोबांचं स्वतःचं आहे, इंटरनेटवर त्यांनी फार पूर्वी उघडलेलं. ज्या कंपनीने ते इतकी वर्षं सांभाळलं, ती आज संध्याकाळी गाशा गुंडाळणार आहे. त्याआधी पान दुसरीकडे हलवलं नाही, तर ते पुसलं जाईल. कायमचं.

"घाई करा ना, आजोबा!"

"करतोय गं. आधी पलीकडच्यांना नवा पत्ता कळवू दे. नाहीतर उद्या ते यायचे आणि दाराला कुलूप."

पलीकडचे म्हणजे आजोबांचे वाचक. आजोबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण पानाच्या तळाशी एक आकडा होता, किती जण येऊन गेले ते सांगणारा. रोज सकाळी तो थोडासा पुढे सरकलेला असायचा. "आले होते हं आजही," असं म्हणत आजोबा खुशीत चहा प्यायचे. आजी म्हणायची, "तुमच्या त्या पलीकडच्यांना एकदा जेवायलाच बोलवा. भाजी जास्त टाकते."

आजोबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलायचे आणि दुसऱ्यांची वाक्यं जुळवायची, हाच जन्मभराचा धंदा. स्वतःचं एक वाक्य त्यांनी कधी छापलं नाही. मग घरात इंटरनेट आलं. फोनच्या तारेतून किंचाळत, खरखरत आलं. ते चालू असलं की घरचा फोन बंद, आणि बहिणीचा फोन लागला नाही की आजीचा पारा वर. आजोबांना रॉकेटांचं भारी वेड, पण रॉकेटचा फोटो तेव्हा पट्टी-पट्टीने वरून खाली उतरायचा. आधी टोक, मग पोट. तळाच्या ज्वाळा दिसेपर्यंत खरं रॉकेट कधीच ढगांच्या वर गेलेलं असायचं. तरी आजोबा जागचे हलायचे नाहीत. उड्डाण झालं की त्याच दिवशी ते आपल्या पानावर लिहून टाकायचे. ना कुणा संपादकाची परवानगी, ना छपाईची वाट बघणं. बटण दाबलं की झालं, आपलं वाक्य जगात! त्या आनंदाची सर पुढे कशालाच आली नाही.

भिंगरीला मात्र आज निराळाच चाळा लागला होता. आजोबा निरोपाचे शब्द जुळवत बसले होते, तेवढ्यात तिने माऊस ओढून घेतला. पडद्यावरची पानाची खिडकी बंद केली, उघडली.

"आजोबा, गंमत बघा. मी बंद करून उघडलं की आकडा वाढतो."

"त्याच वेळी कुणीतरी आलं असेल."

भिंगरीने पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

"आलं परत," ती म्हणाली.

आजोबांना एकदम आठवलं. कधीकाळी त्यांनीच एक सोय करून ठेवली होती: इंटरनेट उघडलं की सगळ्यात आधी आपलंच पान समोर यावं. सोय केली आणि विसरून गेले. रोज सकाळी पानावर तेच यायचे, आणि कुणीतरी आलं म्हणून तेच हरखायचे.

"म्हणजे इतकी वर्षं मीच," ते हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राहू दे गं. बंद कर ते. हलवायचं तरी कुणासाठी?"

भिंगरीने बंद केलं नाही. तिचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती आजोबांचा एक जुना मजकूर वाचत होती. ग्रहांच्याही पुढे निघून गेलेल्या एका यानाबद्दलचा. त्या यानात एक तबकडी ठेवलेली आहे, आणि तिच्यावर माणसांच्या कितीतरी भाषांमधले नमस्कार आहेत. आपल्या मराठीतलाही आहे.

"आजोबा, तो नमस्कार कुणी ऐकला?"

"अजून तरी कुणी नाही."

"मग ते यान परत का नाही बोलवत?"

मन कितीही खट्टू असो, प्रश्न कानावर पडला की आजोबांना उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

"अगं वेडे, परत कशाला बोलवायचं? तिकडे कुणी आहे असं कळलं म्हणून थोडंच पाठवलंय ते? आपण इथे आहोत, आपल्याला काहीतरी सांगायचंय, म्हणून पाठवलं. ऐकणारं कुणी भेटेल, नाहीतर नाही भेटणार. सांगणाऱ्याने आपलं..."

वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं. जुनी पानं एकामागून एक नव्या घराकडे निघाली. शेवटचं पान पोचलं तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं.

"नव्या घरी जागा पुष्कळ आहे," आजोबा म्हणाले. "तुला हवंय एखादं पान?"

भिंगरी खुर्चीच्या हातावरून उतरली आणि आजोबांना ढकलून खुर्चीवर नीट मांडी घालून बसली. जरा वेळ छताकडे बघितलं. मग एका बोटाने अक्षरं शोधत ती लिहू लागली. पहिली ओळ पुरी झाली, तसे आजोबा वाचायला वाकले. भिंगरीने झटकन दोन्ही तळवे पडद्यावर ठेवले.

"तुम्ही नाही बघायचं," ती म्हणाली. "हे पलीकडच्यांसाठी आहे. तुम्ही ओळखीचे आहात."