चुन्याची रेघ

तालुक्याच्या शर्यतीत यमुना दोनदा शिट्टीआधीच सुटली आणि बाद झाली. "असू दे सिद्रामण्णा, लेकरू आहे, जमंल तिला," ड्रिल मास्तरांनी तिच्या बापाला परोपरीनं सांगितलं. पण चारचौघांत मान खाली गेली म्हणून सिद्रामचं डोकं फिरलं होतं.

जुन्या हुबळीतल्या आपल्या गल्लीत त्यानं दारासमोर चुन्याची रेघ मारली, पोरीला त्या रेघेवर उभं केलं आणि हातात छडी घेतली. "मी पळ म्हटल्याशिवाय पाय हलला तर बघ!" मग तो मुद्दाम गप्प बसायचा. अंगठा जरी हलला तरी पोटरीवर छडी बसायची. रोज संध्याकाळी हेच. गल्ली बघायची, मधे कुणी पडायचं नाही. शेवटी यमुना दगडासारखी उभी राहायला शिकली.

"आता बघा मास्तर," सिद्राम छाती फुगवून म्हणाला.

पुढच्या वर्षी धारवाडच्या मैदानावर शिट्टी वाजली. बाकीच्या पोरी तांबडी धूळ उडवत निघून गेल्या. यमुना तिथंच. सिद्राम शिव्या देत दोराखालून आत धावला. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पाऊल मात्र रेघेवर पक्कं होतं.



"अप्पा, मी हलले नाही. आता पळू?"