माईंचं मोठं मन

माईंनी गाठोडं सोडलं आणि अस्तराच्या घड्यांमधून मास्तरांची कात्री त्यांच्या मांडीवर घसरली.

त्यांनी झटकन तिच्यावर कापड ओढलं. शिवणखोलीत मशिनी धडधडत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. काल लवकर निघताना मास्तरांच्या टेबलावरचा अस्तरांचा ढीग त्यांनी कवेत घेतला होता, हातशिलाईसाठी. कात्री त्यातच आली असणार. घरी गेल्यावर डोळे दुखायला लागले म्हणून गाठोडं सोडलंच नव्हतं.

आज आल्या आल्या काजं-बटणं करणाऱ्या काजवालीने त्यांना गाठलं होतं. "माई, तुम्ही गेलात आणि इथे केवढं रामायण! मास्तरांची कात्री गेली. त्या नव्या इस्त्रीवाल्यानेच मारली. पिशवी उघड म्हटलं तर कान लाल झाले त्याचे. दुपारपर्यंत आणून दे, नाहीतर चालू लाग, असं सांगितलंय मास्तरांनी."

आणि माई म्हणून गेल्या होत्या, "मलाही तो जरा आतल्या गाठीचाच वाटतो. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खातो."

"बघा! माईसुद्धा म्हणतात!" काजवालीने ते खोलीभर केलं होतं.

आता सुईत दोरा जाईना. माई पाणी प्यायला उठल्या आणि न पिताच परत आल्या. कोपऱ्यात इस्त्रीवाला खाली मान घालून एकाच कॉलरवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होता. कात्री गुपचूप टेबलाखाली सरकवावी? मग म्हणतील, घाबरून त्यानेच ठेवली. त्या तशाच बसून राहिल्या. मग एकदम उठल्या.

"मास्तर, ही घ्या. माझ्या गाठोड्यात होती. मीच नेली काल, चुकून."

एकेक मशीन थांबत गेली. मास्तरांनी कात्री उघडून पाती उजेडात धरली. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी माईंकडे.

"माई, तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"अंगावर कशाला घेऊ? खरंच मी..."

"इतकी वर्षं बघतोय तुम्हाला. सुईसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नाही तुमच्याकडून."

"त्यानेच खुपसली असेल तुमच्या गाठोड्यात," काजवाली म्हणाली.

"अगं, गाठोडं घरी होतं माझ्या!"

"घरी होतं, पण आज इथे आलं ना? तुम्ही मघाशी पाणी प्यायला उठलात, तेवढ्यात."

माईंचा आवाज चढला. या खोलीत तो कधी चढला नव्हता. "म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"दुसऱ्याच्या पोटासाठी बोललेलं खोटं कुठे खोटं असतं, माई?" काजवाली लाडाने म्हणाली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. कुणीतरी मागून म्हणालं, "मन असावं तर असं."

मास्तरांनी कात्री खिशात घातली. "माईंच्या शब्दाखातर राहू दे त्याला. पण जरा नजर ठेवा."

मशिनी पुन्हा सुरू झाल्या. माई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. बसावंसं वाटेना, जावंसं वाटेना. शेवटी त्या कोपऱ्यात गेल्या. निदान ह्याला तरी सांगायला हवं. ह्याला तरी पटेल.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. त्याचा आवाज माई पहिल्यांदाच नीट ऐकत होत्या. बारीक, जपून बोलणाऱ्या माणसाचा.

"माई, शपथेवर सांगतो, मी नव्हती घेतली."

"ठाऊक आहे रे बाबा. माझ्याकडेच होती. तेच तर सांगतेय मघापासून."

तो हसला. इतकं मोकळं हसताना त्याला कुणी पाहिलं नसेल.

"मला नका सांगू. तुमच्यासारख्या बाईच्या हातून असं होतं का कधी? कुणाला तरी पाठीशी घालताय तुम्ही." त्याने काजवालीकडे एक तिरका कटाक्ष टाकला आणि आवाज आणखी खाली आणला. "आणि कुणाला, तेही कळलंय मला. असली गोड बोलणारी माणसं मी बरोबर ओळखतो."