यादीतला गिझर

त्र्याण्णव साली छाणी गावातलं घर घेताना शालिनी खानविलकरांनी पंखे, नळ, गिझर सगळं यादीत लिहून घर विकणाऱ्या रसिकभाईंची सही घेतली होती. तरी जानेवारीत राहायला आल्या, तर न्हाणीघरातला गिझर उखडून नेलेला!

त्यांनी चिडून नळ सोडला. वाफाळतं पाणी आलं.

"टाकी उन्हाने तापली असेल," त्यांचे यजमान बाळकृष्णराव म्हणाले. त्यांनी गच्चीवर जाऊन टाकीत हात घातला. पाणी गारठलेलं होतं.

"मला लिहून दिलेला गिझरच हवा!" शालिनीताईंनी आठवडाभर फोन करून रसिकभाईंना भंडावून सोडलं. शेवटी ते गिझर स्कूटरला बांधून घेऊन आले.

"घ्या बेन. पण पाणी गरम येतंय ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

रसिकभाई गिझर दारातच ठेवून मागे सरले. उंबऱ्याच्या आतही येईनात.

कटकट एकदाची संपावी म्हणून बाळकृष्णराव पाना घेऊन निघाले. न्हाणीघराला आतून कडी होती. आत कुणीतरी तांब्याने अंगावर पाणी घेत होतं.

घरात तर दुसरं कुणीच नव्हतं. शालिनीताईंनी वैतागून तीनदा दार ठोठावलं.

पाण्याचा आवाज थांबला. मग आतूनही कुणीतरी, तितक्याच वैतागाने, दार ठोठावलं.