नव्या युफोनियमची भुणभुण

बँडमधल्या निवृत्त हेडक्लार्कने हौसेने नवाकोरा युफोनियम घेतला, पण ते पितळी धूड खालच्या सुरांना भुंग्यासारखं भुणभुणायचं आणि वरच्या सुरांना घसरायचं. त्याने स्क्रू आवळले, कळांना तेल पाजलं, आतून शिव्याही फुंकल्या. फरक शून्य. शेवटी तो दुरुस्तीवाल्या बाईकडे गेला. तिने वाजवला, तर सूर अगदी स्वच्छ!

"आता तुम्ही वाजवा, काका."

त्याने फुंकलं. भुणभुण सुरू. बाईने कान वाद्याऐवजी त्याच्या गालाजवळ नेला.

"युफोनियम ठणठणीत आहे, काका. तुमची कवळी सैल झालीये."

हेडक्लार्कचा चेहराच पडला. याच भुणभुणीपायी त्याने जुना युफोनियम भंगार ठरवून मेव्हण्याच्या गळ्यात मारला होता, आणि हल्ली बँडचे सगळे सोलो मेव्हणाच वाजवत होता.