कमरेचं माप

"हळू सांगा हं, कुंदाताई," टेप कमरेला लागताच वृषाली नेहमीसारखीच म्हणाली आणि तिनं पोट आत ओढून घेतलं. कपडे शिवणाऱ्या कुंदाताईंना माप मोठ्यानं पुकारायची सवय होती. मशीनवर बसलेली सून ते लिहून घ्यायची आणि दुकानातल्या बायका ऐकायच्या. पण आजही त्या वृषालीच्या कानाशी पुटपुटल्या, "चौतीस." पोट असं ओढून माप दिल्यामुळंच तर तिच्या प्रत्येक ड्रेसची कंबर पहिल्याच पंगतीला ताणायची.

मग लेकीचा नंबर लागला. मामाच्या लग्नासाठी रेवाला घागरा हवा होता. बारा वर्षांची, शेवग्याच्या शेंगेसारखी पोर. पण टेप जवळ येताच तिनं श्वास कोंडून पोट असं खेचलं, की बरगड्या वर आल्या.

"अगं, पोट आहे कुठं तुला? श्वास सोड," कुंदाताई हसल्या.

रेवानं मान हलवली. "हळू सांगा हं," ती कुजबुजली.

हे वृषालीनं पोरीला कधी शिकवलं नव्हतं. पोरीनं फक्त पाहिलं होतं.

"थांबा. आधी माझं परत घ्या," ती पुढं झाली. "मघाशी चुकलं." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं चारचौघींत पोट सैल सोडलं. टेप कुंदाताईंच्या बोटांतून सरकली. त्या आकडा सांगायला तिच्या कानाशी वाकल्या.

"मोठ्यानं सांगा."

"छत्तीस!"

रेवा आईकडे बघतच राहिली. मग श्वास सोडून, हात पसरून टेपसमोर उभी राहिली.

होतं की पोट! वाटीएवढं, मजेत पुढं आलेलं.