कागदामागचा चंद्र

"कसं दिसतंय?" कागदामागून लेबेरेख्टने लेकीला विचारलं.

"बरं आहे," ओटिलिए म्हणाली.

"बरं! एवढी मोठी झालीस, पण तुझं कौतुक काही 'बरं'च्या पुढे जात नाही."

"चंद्र थरथरतोय, बाबा. दिवा स्टुलावर ठेवा ना."

"स्टुलावरचा चंद्र मेलेला दिसतो. हातातला जिवंत वाटतो."

भर दुपारी खिडक्या लावून तालीम चालली होती. चौकटीवर तेल लावलेला मोठा कागद ताणला होता. खाली जाड काळ्या रंगातला किल्ला, वर नुसतं आकाश. चंद्र रंगवलेलाच नव्हता. गोल भोकाच्या डब्यात दिवा ठेवून लेबेरेख्ट तो मागे धरून बसे.

ड्रेसडेनमध्ये जन्मभर त्याने कपबशांवर फुलं काढली होती. उद्या राजवाड्याच्या चित्रसंग्रहाचे प्रमुख फॉन रेडेन हे चित्र पाहायला येणार होते.

"त्यांना आवडलं तर?"

"तर कपबशा सुटल्या!" तो हसत कागदामागून बाहेर आला आणि छाती चोळत खाली बसला. "अशी बघू नकोस. आनंदाने झोप नाही लागली, एवढंच."

दुसऱ्या दिवशी फॉन रेडेन आले. खिडक्या बंद झाल्या, किल्ल्यावर चंद्र उगवला. त्यांनी जांभई दिली.

"फ्रॉइलाइन," ते ओटिलिएला म्हणाले, "असले चंद्र हल्ली जत्रेतही दाखवतात."

ओटिलिए काही सांगायला पुढे झाली.

तेवढ्यात चंद्र हलला. अगदी सावकाश तो बुरुजाकडे उतरू लागला. तालमीत असं कधीच झालं नव्हतं. म्हणजे बाबांनी हे तिच्यापासूनही लपवून ठेवलं होतं! बुरुजाची कड उजळली, चंद्र अर्धा झाला, मग त्याची नुसती कोर उरली. आकाश विझत गेलं.

फॉन रेडेन खुर्चीतून उठले होते.

"मावळला! अहो, खरोखर मावळला! हे चित्र राजवाड्यातच लागणार. कुठे आहेत तुमचे वडील? बोलवा त्यांना!"

ओटिलिए टाळ्या वाजवत होती. कागदामागून आज कुणी काही विचारलं नाही.

ती हसतच मागे धावली. दिवा बाबांच्या मांडीवर अजून जळत होता. डब्याभोवतीची बोटं सैल पडली होती, मान छातीवर कलली होती आणि छाती हलत नव्हती.

तिने दिवा हळूच काढून घेतला.

"सुंदर, बाबा," ती म्हणाली. "फार सुंदर."